चंदेरी डबीतली मींड

पेटीवाल्याला मींड घ्यायला सांगा, तो नुसता हसेल. एक पट्टी दाबली की एक स्वर, शेजारची दाबली की दुसरा; मधली वाट पेटीला ठाऊकच नाही. याच दोषावर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला स्टुडिओच्या दाराबाहेर काढलं आणि ती जवळजवळ तीस वर्षं बाहेरच राहिली. पट्ट्यांच्या वाद्यातून मींड निघाली ती विजेच्या जोरावर. पुढे ती एका जपानी चंदेरी डबीत येऊन बसली, पण डबी घडवली होती भलत्याच कामासाठी.

या डबीचे मूळपुरुष अमेरिकेतले रॉबर्ट मूग. हे गृहस्थ शाळकरी वयापासून थेरमिन बनवायचे. थेरमिन म्हणजे स्पर्श न करता, हवेत हात हलवून वाजवायचं वाद्य; त्यातून सरकत्या सुरांखेरीज दुसरं काही निघतच नाही. १९६४ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या साथीने मूग यांनी नवं यंत्र जुळवलं. त्यातला हिशेब सोपा होता: विजेचा दाब एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे पट्टी दाबून आपण सूर वाजवत नाही, विजेचा एक दाब पाठवतो. त्या दाबाच्या वाटेत एक रोधक आणि एक कपॅसिटर बसवला, तर बारीक धारेखाली घागर भरावी तसा कपॅसिटर सावकाश भरतो. दाब उडी मारत नाही, चढत जातो. त्याच्या मागोमाग सूरही सरकत जातो. पट्ट्या तुटक असल्या तरी वीज सलग होती.

१९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी मूगच्या यंत्रावर बाखचं संगीत वाजवलं आणि ते घरोघरी पोचलं. १९६९ मध्ये मूगची एक यंत्रणा थेट अहमदाबादेत आली. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी ती उभी केली आणि गीता साराभाई आदींनी तिच्यावर प्रयोग केले. पण ही यंत्रं कपाटाएवढी. ती संस्थांना परवडावीत, वाजंत्र्याला नव्हे.

धाकटी पाती जपानची. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात रोलंड कंपनी काढली. तिथले अभियंते तादाओ किकुमोतो यांनी घडवलेली डबी म्हणजे टीबी-३०३. ती १९८१ च्या अखेरीस बाजारात आली. लांबी फूटभर, वजन किलोभर, सेलवरही चालणारी. घरी एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बास गिटारची साथ मिळावी एवढाच तिचा उद्देश. पण तिचा आवाज बास गिटारच्या जवळपासही जाईना. त्यात स्वर भरण्याची रीत तऱ्हेवाईक: आधी ओळीने सगळे स्वर भरायचे, मग त्यांची लय वेगळी भरायची. दोन्हींचा मेळ चुकला की कुणाच्याही मनात नसलेली चाल वाजू लागे. दहाएक हजार नग निघाले आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद पडलं. उरलेल्या डब्या जुन्या बाजारात मातीमोल गेल्या.

या डबीच्या आत आहे तरी काय? आवाज काढणारा घटक एकच. त्याची लहर करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी, दोहोंपैकी एक निवडायची. करवती लहरीत मूळ सुराबरोबर त्याचे सगळे उपस्वर ठासून भरलेले असतात. पुढची चाळणी त्यातले वरचे उपस्वर छाटते; कुठून छाटायचं ती रेषा एका खुंटीने ठरते. दुसरी खुंटी पिळली, की छाटणीच्या रेषेपाशी जो उपस्वर असेल तो फुगून वर येतो. तंबोऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला की षड्जातून गंधार उमटतो, त्याच्याशी या करामतीचं नातं आहे. फरक इतकाच, की इथे वाजता वाजता खुंटी फिरवता येते. त्यामुळे एकच सूर आधी गुरगुरतो, मग कुंथतो आणि शेवटी चिरकतो. हव्या त्या स्वरावर ‘स्लाइड’ची खूण केली की तिथे मींड.

ही डबी नवी असतानाच मुंबईचे चरणजित सिंग ती घेऊन आले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे हे कसबी कलावंत. सिंगापूरहून आणलेल्या रोलंडच्या तीन यंत्रांची त्यांनी मोट बांधली. ताल टीआर-८०८ वर, खर्जातली घोटणी ३०३ वर आणि रागाची बढत ज्युपिटर-८ वर. १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एचएमव्हीची तबकडी तयार झाली. भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग, मागे न थकणारा एकच ठेका. त्यांनी एकच गोष्ट पाहिली: या यंत्रातले सूर सरकतात. तबकडी मात्र खपली नाही.

इकडे शिकागोत फ्यूचर नावाच्या त्रिकुटाच्या हाती जुन्या बाजारातली एक ३०३ लागली. माहितीपुस्तिका नाही, काय करायचं ते कळेना, म्हणून डीजे पिअर नुसत्या खुंट्या पिळत बसला. त्यातून जे निघालं त्याची ध्वनिफीत डीजे रॉन हार्डी यांनी क्लबमध्ये लावली तेव्हा नाचणारे आधी पांगले. हार्डींनी त्याच रात्री ती पुन्हा पुन्हा लावली आणि चौथ्या खेपेला लोक बेभान झाले. १९८७ मध्ये ती ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने निघाली आणि त्या नावावरून ‘ॲसिड हाउस’ हा प्रकारच रूढ झाला. मुंबईच्या कानाने त्या डबीत मींड ऐकली होती, शिकागोच्या कानाने उपस्वर ऐकले. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला चरणजितांची तबकडी दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. ती ऐकून युरोपातल्या कित्येकांना हा कुणीतरी केलेला बनाव वाटला. सत्तरी ओलांडलेले चरणजित मग तिकडच्या रंगमंचांवर जाऊन तेच राग वाजवून आले. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज मूळ डबी हजारो डॉलरना विकली जाते आणि तिच्या नकला गल्लोगल्ली मिळतात. रोलंडने स्वतः २०१६ मध्ये संगणकी चिपवर चालणारी टीबी-०३ काढली, तर इतरांनी ॲनालॉग जुळणीच्या स्वस्त डब्या बाजारात आणल्या. मूळ ३०३ मध्ये मींडेची लांबी कारखान्यातच ठरलेली असते. गवई मध्येच रेंगाळतो, श्रुतीवर टेकतो, तसं काही तिला जमत नाही. प्रत्येक वेळी तेवढ्याच क्षणात ती पुढच्या स्वरावर पोचते. नक्कल करणाऱ्यांना ही मुदत खुंटी लावून लांबवता आली असती. पण बहुतेक जण तसं करत नाहीत. मूळच्या डबीची ती घाई मोजून ते आपल्या डबीतही तेवढीच ठेवतात.