होट्टलपासून खरोशापर्यंत : देवळे पाहू इच्छिणाऱ्यांसाठी प्रस्तावना

नांदेडहून देगलूरला आणि तिथून होट्टलला जाणारा माणूस बहुधा सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघालेला असतो. दर्शन त्याने जरूर घ्यावे. मग बाहेर येऊन भिंतीकडे नजर ठेवत एक प्रदक्षिणा सावकाश घालावी, एवढीच या पुस्तकाची त्याच्याकडे पहिली मागणी आहे. मराठवाड्याच्या या टोकाला मंदिरस्थापत्याचा अभ्यास सुरू करायला दुसरी कुठलीही पात्रता लागत नाही. नांदेडला देशभरातून लोक येतात ते हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यासाठी, लातूरला येतात ते शिकायला किंवा आडत बाजारात. देवळे पाहायला म्हणून आलेला प्रवासी इथे अजून विरळाच आहे, आणि त्याचे स्वागत करावे म्हणून हे लिहीत आहे.

हा प्रदेश इतिहासात आडबाजूला कधीच नव्हता. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे आजच्या लातूरचे, अधिपती म्हणवीत. कंधारचा संबंध त्यांच्यातल्या तिसऱ्या कृष्णाशी जोडला जातो. ९७३ मध्ये दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली, आणि पुढे कल्याणीचे चालुक्य इथले स्वामी झाले. आपण जी देवळे पाहणार आहोत त्यांतली बरीचशी या चालुक्यांच्या अकराव्या-बाराव्या शतकांतली. गावात विचारले तर मात्र उत्तर ठरलेले असते : हेमाडपंती. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. होट्टलचे देऊळ त्याच्या आधीचे आहे. सगळ्या जुन्या काळ्या दगडी देवळांना एकच नाव दिल्यामुळे दोन-तीनशे वर्षांतले फरक नजरेआड झाले, आणि अभ्यासाचे हे नुकसान मला मोठे वाटते.

त्याहून मोठी अडचण आजच्या नकाशाची आहे. चालुक्यांची कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. निलंगा आणि उदगीर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत ते इकडे आले, आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. देवळे बांधणाऱ्या कारागिरांना यातली कुठलीच सीमा ठाऊक नव्हती. बिदर जिल्ह्यातल्या जलसंगीच्या देवळावर चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याची स्तुती कोरणारी एक सुंदरी आहे. ती पाहिल्याशिवाय होट्टलच्या सुरसुंदरी पुरत्या कळत नाहीत, आणि होट्टल पाहिल्याशिवाय जलसंगी कळत नाही. इथले शिलालेखही मोठ्या संख्येने कन्नडात आहेत. याच विक्रमादित्याने १०७६ मध्ये राज्यावर येताच आपल्या नावाने वर्षगणना सुरू केली, आणि त्याच्या काळच्या लेखांत अनेकदा तीच वापरलेली असते. म्हणून मराठवाड्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या मुलामुलींनी कन्नड लिपी शिकावी, असे मी आग्रहाने सांगतो. श्रीनिवास रित्ती आणि गो. चिं. शेळके या अभ्यासकांनी नांदेड जिल्ह्यातले लेख वाचून १९६८ मध्ये पुस्तकरूपाने नांदेडातूनच प्रसिद्ध केले. एका कन्नड पुराभिलेखतज्ज्ञाने आणि नांदेडच्या अभ्यासकाने मिळून केलेले हे काम आजही आपल्या विषयाचा पाया आहे.

या देवळांकडे थोडे दूर जाऊनही पाहावे लागते. व्हिएतनाममध्ये चाम राजांनी बांधलेला मी सोन हा मंदिरसमूह आहे. भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकात तिथे भद्रेश्वर नावाने शिव स्थापला, आणि पुढची कित्येक शतके विटांची मंदिरे उठत राहिली. लेख संस्कृतात आणि चाम भाषेत. आपल्याकडे संस्कृत आणि कन्नड, तिकडे संस्कृत आणि चाम : शिव तोच, आणि भोवतीचे सगळे त्या त्या मातीचे. १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत तिथले सर्वांत भव्य देऊळ कोसळले. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे जतनाचे काम केले, आणि २०२० मध्ये त्या कामात वालुकाश्माचे अखंड शिवलिंग मिळाले. मी सोनची पूजा थांबली, रान वाढले, आणि विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती जागा मोजूनमापून नोंदवली. आपल्या देवळांत पूजा कधी थांबली नाही, किंवा थांबून पुन्हा सुरू झाली. त्यामुळे ती जिवंत राहिली, पण ऑइलपेंट, फरशी, शेंदूर आणि सिमेंटचा सभामंडपही तिथे आला. इथे अभ्यास करणाऱ्याला पुजाऱ्याशी आणि गावाशी बोलता आले पाहिजे. ही अट मला ओझे वाटत नाही. गावाच्या आठवणीत पडलेल्या ओवरीची, हलवलेल्या मूर्तीची, बुजवलेल्या बारवेची माहिती असते, आणि ती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

पाहायचे कसे? खालून वर. शिखर बहुतेक ठिकाणी पडलेले किंवा नंतरचे असते, म्हणून आधी पीठ, म्हणजे देवळाचा चौथरा, पाहावे : त्याचे थर मोजावेत, त्यातला हत्तींचा गजथर किंवा माणसांचा नरथर ओळखावा. मग मंडोवर, म्हणजे गाभाऱ्याची बाहेरची भिंत, आणि तिच्यातले देवकोष्ठ, म्हणजे मूर्तींचे कोनाडे. मुखेडच्या दशरथेश्वराच्या भिंतीवर सप्तमातृका आहेत. त्या कोणत्या क्रमाने येतात ते स्वतः लिहून काढावे. निलंग्याच्या नीळकंठेश्वराला तीन गाभारे आहेत आणि तलविन्यास, म्हणजे जमिनीवरचा आराखडा, तारकाकृती. एकाच मध्याभोवती चौरस थोडाथोडा फिरवत नेला की त्याच्या कोपऱ्यांची तारका होते. कारागिराने दोरी आणि खुंटीने केलेले हे गणित कागदावर करून पाहिले म्हणजे भिंतीला इतके कोन का, हे उमगते. प्रत्येक कोनावर उन्हाची एक उभी रेघ आणि तिच्याशेजारी सावलीची, आणि मूर्तीला उभी राहायला जागा. आत गेल्यावर द्वारशाखा, म्हणजे दाराची कोरीव चौकट, आणि तिच्या वरच्या पट्टीच्या मध्यावरचे ललाटबिंब पाहावे, मग मान वर करून छत. कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकत उघडी जागा लहान करत नेलेली असते. चुना नाही, दगडाचे वजन आणि खाचा यांवर सगळा भार. डोळ्यांनी पाहिलेल्याला वाचनाची जोडही मिळते : चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. राजवाड्यापासून मूर्तींच्या मापांपर्यंत सारे त्यात आहे, आणि तो याच भूमीत, याच काळात लिहिला गेला.

खरोशाची गोष्ट वेगळी. औसा तालुक्यातल्या जांभ्याच्या टेकडीत सुमारे सहाव्या शतकात कोरलेली ही लेणी बांधीव देवळांच्या कितीतरी आधीची. जांभा कोरायला सोपा, पण बारीक नक्षी धरून ठेवत नाही. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण यांची शिल्पे झिजली आहेत, तरी त्यांची भव्यता टिकली आहे. पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेसने १८७५-७६ च्या पाहणीत यांची दखल घेतली. वेरूळ पाहून आलेल्यांनी खरोशाला यावेच; मोठ्या लेण्यांच्या तुलनेत ते कमी ठरवणे मला मान्य नाही.

दिवाळीनंतर आणि शिवरात्रीच्या आधी, सकाळी लवकर निघा. तिरप्या उन्हात अक्षरे आणि कोरीवकाम उठून दिसते. लेखावर खडू, पीठ किंवा तेल घासू नका, छायाचित्र बाजूच्या उजेडात घ्या. दाराची दिशा, थरांची संख्या, मूर्तीच्या हातातली आयुधे, सुटे पडलेले वीरगळ, हे सगळे तारखेसह वहीत लिहा. एखाद्या गावात जीर्णोद्धार ठरला असेल, तर दगड हलण्याआधी प्रत्येकाला क्रमांक घालून छायाचित्रे काढण्याचा आग्रह धरा, आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि वहीची एक प्रत त्या गावाच्या शाळेत ठेवा.