शबीह

फारसीत व्यक्तिचित्राला ‘शबीह’ म्हणतात. अर्थ साधाच, सारखेपणा. आपली ‘तसबीर’ही फारसीतूनच आली, पण ती भिंतीवर चढली, तिला हार पडला. इनायत खानाच्या चित्राला हार घालायची कुणाची छाती होणार नाही.

साल १६१८. अफू आणि दारूनं पोखरलेला हा जहांगीरचा जवळचा चाकर. त्यानं आग्र्याला जायची परवानगी मागितली, तेव्हा त्याला पालखीतून बादशहासमोर आणलं. हाडांवर ताणलेलं कातडं, असं जहांगीर आठवणींत लिहितो, आणि पुढे स्वतःलाच दुरुस्त करतो: हाडंसुद्धा विरघळली होती. कृश माणूस काढताना चित्रकार कितीही अतिशयोक्ती करोत, असं काही त्यानं पाहिलं नव्हतं. म्हणून चित्रकारांना हुकूम झाला. खानाला २,००० रुपये मिळाले. दुसऱ्या दिवशी तो गेला.

मी अनुवादाचं काम करते. अशा परिच्छेदात कुतूहल कुठे संपतं नि कणव कुठे सुरू होते, ते ठरवल्याशिवाय एक क्रियापद निवडता येत नाही. बादशहानं ते ठरवलेलं नाही.

चित्रकारानं ठरवलंय असं मला वाटतं. प्रसंगाच्या वर्णनात त्याचं नाव नाही. आज जाणकार बालचंदचं नाव घेतात. अकबराच्या चित्रशाळेत सुरुवात करून शहाजहानपर्यंत टिकलेला हा कलावंत. भाऊ पयागही चित्रकारच. बोस्टनमध्ये रेखाटन आहे, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात रंगीत चित्र. दोन्ही हातात मावतील एवढी. रेखाटनात घाई आहे, समोर माणूस संपतो आहे याची. रंगीत चित्रात मात्र उशा, लोड, कापडाच्या घड्या निगुतीनं आल्यात आणि त्यांत छातीच्या फासळ्या उघड्या. लोड माणसापेक्षा भरलेले दिसतात. मला हे क्रूर वाटत नाही. मरणाऱ्याला नीट टेकायला जागा दिली आहे.

आणि हुकूम देणारा? एके काळी आपण दिवसाला वीस प्याले कडक दारू पीत होतो, हे जहांगीरनंच लिहून ठेवलंय. मुराद आणि दानियाल हे त्याचे दोघे भाऊ दारूनंच गेले. मुराद दख्खनच्या मोहिमेवर, दानियाल बुऱ्हाणपुरात. दानियालवर पहारा होता, तेव्हा त्याच्या लाडक्या बंदुकीच्या नळीतून चोरून दारू आणली गेली. नळीतला गंज दारूत उतरला. त्या बंदुकीचं नाव दानियालनंच हौसेनं ठेवलं होतं, आणि त्या नावात ‘जनाजा’ हा शब्द होता.