एक सर्किट, दोन आवाज : बासमनपासून मार्शलपर्यंत

गिटारच्या जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : मूळ आवाज परत कसा आणायचा? आज आपण त्याच्या आधीचा प्रश्न विचारू. मूळ म्हणजे नक्की कोणतं?

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावातून करू. तिथे लिओ फेंडर यांनी 1938 मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. त्या काळी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या माहितीपुस्तकांत नमुन्याची सर्किटं छापत, आणि दुरुस्ती करणारी माणसं त्यावरच शिकत. फेंडर त्याच परंपरेतले. 1951 मध्ये त्यांची बास गिटार आली, आणि तिच्यासाठी पुढच्याच वर्षी 'बासमन' हा अ‍ॅम्प. सुधारत सुधारत 1958 च्या सुमारास तो 5एफ6-ए या सर्किटपर्यंत पोहोचला : दोन 5881 पॉवर व्हॉल्व्ह आणि दहा इंची चार स्पीकर. हेतू साधा होता, मोठा आणि स्वच्छ आवाज.

आता लंडनला जाऊ. पश्चिम लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल या ड्रम शिकवणाऱ्या गृहस्थांचं वाद्यांचं दुकान होतं. आयात केलेला फेंडर महाग पडे. 1962 च्या सुमारास मार्शल, केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांनी बासमनचंच सर्किट घेऊन 'जेटीएम 45' उभा केला. नक्कलच म्हणा ना! पण भाग मात्र हाताशी होते ते.

इथेच गंमत झाली. बासमनच्या पहिल्या टप्प्यात 12एवाय7 व्हॉल्व्ह होता, त्याचा गुणक सुमारे 44. मार्शलमध्ये त्या जागी ईसीसी83 बसला, गुणक 100. पिना त्याच, सॉकेट तेच, पण पुढच्या टप्प्यांना सिग्नल जास्त जोराचा मिळू लागला. 5881 च्या जागी पुढे केटी66 आले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर इंग्लिश, आणि मागून बंद पेटीत बारा इंची चार स्पीकर. उलटा फीडबॅक बासमनमध्ये 2 ओहमच्या टोकावरून, 27 किलोओहममधून घेतलेला होता. अनेक जेटीएम 45 मध्ये रेझिस्टर तोच राहिला, टोक मात्र 16 ओहमचं. त्या टोकावर व्होल्टेज जवळपास पावणेतीन पट, म्हणजे फीडबॅकही तितकाच जास्त. अशा अ‍ॅम्पचा आवाज बराच वेळ घट्ट राहतो आणि फाटतो तेव्हा एकदम फाटतो. फेंडर ज्या फाटण्याला टाळत होते, तेच पुढे रॉक संगीताला हवंहवंसं झालं.

मग दुरुस्तीला बसणाऱ्याने काय करायचं? बासमनच्या आकृतीतच एक उत्तर लिहिलेलं आहे. प्लेटवर 432 व्होल्ट, ग्रिडवर उणे 48 असे आकडे आहेत, आणि खाली टीप : वीस टक्के इकडेतिकडे चालेल. म्हणजे 432 च्या जागी 350 दिसले किंवा 500, तरी कंपनीच्या हिशेबात अ‍ॅम्प धडच! आकृतीला पोथी समजणाऱ्यांनी ही टीप आधी वाचावी.

पण याचा अर्थ सगळंच चालतं असा नाही. दोन टप्प्यांमधला कपॅसिटर जुना होऊन गळू लागला, की मागच्या प्लेटचं धन व्होल्टेज पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर उतरतं. उणे 48 चा लगाम सैल होतो, प्रवाह वाढतो, प्लेट लाल होते, आणि शेवटी ट्रान्सफॉर्मरचा बळी जातो. तपासणी सोपी आहे. पॉवर व्हॉल्व्ह काढून ग्रिडच्या पिनेवर मोजायचं. बायसचं व्होल्टेज पूर्ण मिळालं तर ठीक. शून्याकडे सरकलेलं दिसलं तर कपॅसिटर बदलायचा. फिल्टर कपॅसिटर सुकले तर घुमघुम येते, आपल्या विजेवर 100 हर्ट्झची; हीटरची घुमघुम 50 ची. कान तयार झाला की निम्मं निदान तिथेच होतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लग काढल्यावरही या कपॅसिटरांत जीव घेण्याइतका भार राहू शकतो. रेझिस्टरमधून तो उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. अमेरिकन अ‍ॅम्प 117 व्होल्टचा असतो, तो आपल्या 230 वर थेट लावू नका.

तर मूळ म्हणजे काय? गळका कपॅसिटर हा दोष, तो काढायचाच. पण ईसीसी83, केटी66, फीडबॅकचं बदललेलं टोक, हे दोष नव्हेत. तो त्या दुकानाचा इतिहास आहे. मार्शलला 'मूळ' बासमनसारखा करायला गेलो तर आपण दुरुस्ती करत नाही, इतिहास पुसतो. सोल्डरिंग आयर्न उचलण्याआधी हा फरक ओळखायला हवा.