सीडीवरचा आवाज किती वर्षांचा?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या हदगावसारख्या तालुक्याच्या गावी एक नवी सोय आली. फोटो स्टुडिओतून ‘कॅसेटची सीडी करून मिळेल’ असे सांगितले जाऊ लागले. लग्नाच्या कॅसेटी, भजनी मंडळांच्या ध्वनिफिती लोकांनी सीडीवर उतरवून घेतल्या. फितीला बुरशी लागते, फीत ताणते, अडकते. सीडी मात्र शंभर वर्षे टिकते, असा तेव्हा सर्वांचाच समज होता. त्या शंभर वर्षांचे काय झाले, ते आज पाहू या.

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांची सीडी १९८२ साली बाजारात आली. ती कारखान्यातच छापली जाई; तिच्यातील माहिती प्लास्टिकवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने दाबून उमटवलेली असे. आपल्याला स्वतः लिहिता येईल अशी कोरी सीडी जपानच्या ताइयो युडेन कंपनीने १९८८ साली तयार केली. भारतात १९८३ साली स्थापन झालेली मोझर बेअर ही कंपनी पुढे अशा सीडी बनवणाऱ्या जगातील मोठ्या कंपन्यांत गणली गेली. २०१८ साली तिच्या अवसायनाचा आदेश निघाला.

छापील आणि कोरी, दोन्ही सीडी दिसायला सारख्याच. पण कोऱ्या सीडीत खळगे नसतात. प्लास्टिकवर रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर चांदीसारख्या धातूचा थर आणि वर लाखेसारखा लेप, अशी तिची रचना. लेसर किरण त्या रंगावर ठिपके उमटवतो. म्हणजे सारी माहिती रंगात असते, आणि रंग ऊन, उष्णता व दमट हवेने विटतो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर नेणाऱ्या मराठवाड्यात पत्र्याच्या खोलीतील कपाट तिला कसे मानवणार? शिवाय लोक खालची चकचकीत बाजू जपतात. पण धातूचा थर असतो वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, अगदी पातळ लेपाखाली. बॉलपेनच्या टोकानेही तो दुखावतो. उत्पादक शंभर-शंभर वर्षांची ग्वाही देत असताना, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने प्रत्यक्ष अनुभवातून अशा चकत्यांचे आयुष्य दोन ते पाच वर्षे धरावे असे सांगितले. काही वीस वर्षेही चालतात. पण कोणती चालेल, हे आधी कळत नाही.

लग्नाची सीडी गेली तर हळहळ वाटते. पण आपल्या भागात याहून मोलाचे आवाज आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेली, ३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेवरील कारवाई आणि रझाकारांचे दिवस पाहिलेली माणसे बहुतेक आता हयात नाहीत. काहींच्या आठवणी घरच्यांनी सीडीवर ठेवल्या. अशी एक सीडी मी ऐकली. वीस मिनिटे आवाज स्वच्छ, पुढे अडखळत बंद. सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि पुष्कळदा बाहेरच्या कडेकडून खराब होते. म्हणून हकिकतीचा शेवटच जातो.

आमच्या जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातील, दहाव्या शतकातील शिलालेख मिळाला. दगडाला राखणदार लागला नाही. पोथीचे तसे नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत गेली. ग्रंथ वाचला, कारण महानुभाव मंडळींनी तो स्मरणातून पुन्हा लिहिला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला केल्या. पाठभेद शिरले, पण ग्रंथ राहिला.

सीडी ही दगडाच्या नव्हे, पोथीच्या जातीची आहे. नक्कल होत राहिली तरच ती जगते. आणि तिच्या नकलेत पाठभेदही शिरत नाही. आज नव्या लॅपटॉपमध्ये सीडी घालायची सोय बहुधा नसते. पण तालुक्याच्या गावी जुना संगणक अजून सापडतो. घरात अशा सीडी असतील तर त्यावर त्या उघडून पाहा. एक प्रत हार्ड डिस्कवर घ्या, दुसरी परगावच्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि दर चार-पाच वर्षांनी पुन्हा तपासा. ज्यांचे आवाज आहेत, त्यांना आता पुन्हा विचारता येणार नाही.