झिल्टॉइडची खंडणी

१९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटास तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या बाजारात आणली, तेव्हा तीन-चार मिनिटांत आटोपणाऱ्या गाण्यास एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक अवकाश लाभला. आणि ज्या कलेस असा अवकाश लाभतो ती आज ना उद्या कथा सांगू लागते, या न्यायाने पुढल्या दोन दशकांत रॉक संगीतात एकच कल्पना वा कथानक आद्यंत चालवणारे कन्सेप्ट अल्बम निर्माण झाले. मानव चंद्रावर उतरण्याचा तो काळ असल्यामुळे या कथानकांनी अंतराळाची वाट धरली, हे स्वाभाविकच होते.

या वाटेवर आरंभापासून दोन प्रवाह वाहत आले. कॅनडातील रश या त्रयीने १९७६ साली ‘२११२’ या संचाची एक संपूर्ण बाजू अशा भविष्यकाळास वाहिली, की जेथे पुरोहितांची हुकमत चालते आणि गिटार सापडलेला तरुण निराशेने आत्मनाश करतो. याच्या तीनच वर्षे आधी, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या डेव्हिड ॲलन यांच्या फ्रान्सस्थित गाँग या वाद्यवृंदाने ‘फ्लाइंग टीपॉट’ काढून, चहाच्या उडत्या किटलीतून संचार करणाऱ्या परग्रहवासीयांची तीन संचांची कथामाला सुरू केली होती. पुढे ऐंशीच्या दशकात रॉकचे प्रोग्रेसिव्ह मेटल हे रूप आकारास आले, तेव्हा तालांची गुंतागुंत व गिटारांचा मेघगर्जनेसारखा नाद यांच्या जोडीने त्याने वारसा घेतला तो मुख्यतः पहिल्या, गंभीर प्रवाहाचा. दुसरा, विनोदी प्रवाह बराच काळ क्षीणच राहिला.

त्यास नवे बळ दिले ते १९७२ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जन्मलेल्या डेव्हिन टाउनसेंड यांनी. १९९३ साली गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्या संचात गायक म्हणून पुढे आलेले आणि नंतर स्ट्रॅपिंग यंग लॅड या अतिशय उग्र वाद्यवृंदाचे नेतृत्व केलेले टाउनसेंड २००७ साली त्या वृंदातून मुक्त झाले. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांचा ‘झिल्टॉइड द ऑम्निसियंट’ हा संच प्रसिद्ध झाला. लेखन, गायन, गिटार, ध्वनिमिश्रण हे सारे त्यांनी एकट्याने केले, आणि ढोलवादकाची जागाही संगणकावर रचलेल्या तालांनी भरून काढली.

कथानक असे, की झिल्टॉइडिया नऊ या ग्रहाचा सर्वज्ञ म्हणवणारा अधिपती पृथ्वीवर येऊन फर्मान सोडतो: विश्वातील सर्वोत्कृष्ट कॉफीचा एक पेला हाजिर करावा, मुदत पाच मिनिटांची. कॉफी पसंत पडत नाही, तेव्हा तो मोहीम पुकारतो, पृथ्वीचा विध्वंस आरंभतो आणि कॅप्टन स्पेक्टॅक्युलरच्या नेतृत्वाखाली निसटलेल्या मानवांचा अंतराळात पाठलाग करतो; परंतु सृष्टिकर्त्यापुढे जाऊन सत्याचे स्वरूप विचारले असता, आपण कोणाच्या तरी हातातील बाहुले आहोत, असे त्यास कळते. अखेरीस हा सारा प्रकार म्हणजे कॉफीच्या दुकानातील एका नोकराचे स्वप्न ठरते.

या संचाचे मर्म असे, की विनोद कथेत आहे, संगीतात नाही. ज्या वाद्यमेळाने एखाद्या महायुद्धाचे वर्णन शोभावे, तो संपूर्ण निष्ठेने एका पेल्याच्या मागणीमागे उभा केला आहे. आणि साधन व साध्य यांतील ही प्रचंड विषमताच सत्तेचे खरे स्वरूप उघड करते, कारण इतिहासातील कितीतरी स्वाऱ्यांच्या मुळाशी याहून मोठे प्रयोजन नव्हते. विशेष म्हणजे, आपल्या निर्मितीचा प्रत्येक स्वर स्वतःच्या कबजात ठेवणाऱ्या कलावंताने सर्वाधिकाराचा गर्व वाहणारा नायक निर्मिला आणि त्यालाच परतंत्र ठरवले, यात मला या माणसाचा गाढ प्रामाणिकपणा दिसतो.

२०१४ साली ‘झेड टू’ या जोडसंचात ही कथा पुढे चालली, आणि १३ एप्रिल २०१५ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, १८७१ पासून अभिजात संगीताचे माहेरघर मानल्या गेलेल्या वास्तूत, तिचा रंगमंचीय आविष्कार झाला. तेथपर्यंत झिल्टॉइड पोहोचला तो गंभीर प्रवाहाशी वैर करून नव्हे. त्या प्रवाहाने कमावलेली सारी विद्या आत्मसात करून, तिला मानवी प्रमाणाची जाण देऊन पोहोचला, आणि हास्यरसाने या संगीतप्रकाराची केलेली ही सेवा त्याच्या इतिहासात मानाच्या स्थानी नोंदली गेली पाहिजे.