रेषेचा अभिनय : जपानी ॲनिमेशनपट आणि मराठवाड्यातील आस्वाद

मराठीत ॲनिमेशनपटाला दीर्घकाळ ‘व्यंगचित्रपट’ म्हटले गेले, आणि या एका शब्दाने समीक्षेचे काम परस्पर उरकून टाकले. व्यंग म्हटले की हास्य आले, हास्यामागून बालरंजन. ईसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) या शब्दात मावत नाही. महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीने मरणाऱ्या भावाबहिणीच्या या कथेचा स्थायिभाव शोक आहे.

नांदेड-लातूरकडील प्रेक्षकाला जपानी ॲनिमेशन भेटले ते जपानी म्हणून नव्हे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘जंगल बुक’ ही ‘निप्पॉन ॲनिमेशन’ची ५२ भागांची मालिका, कथा किपलिंगची, रेषा जपानी, भाषा हिंदी आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. घराघरात ओळख झाली ती मोगलीची. त्याला रेखाटणारा हात अनोळखीच राहिला.

वस्तुतः या कलेच्या विचारासाठी लागणारी परिभाषा याच प्रदेशात उपलब्ध होती. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करणारे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी भरताच्या नाट्यशास्त्राची आधुनिक दृष्टीने चिकित्सा केली होती. भरताचे चतुर्विध अभिनय येथे लावून पाहिले, तर आंगिक आणि आहार्य दोन्ही रेषेत विरतात. वाचिक दुसऱ्याच व्यक्तीकडून येते व भाषेगणिक बदलते. उरतो सात्त्विक. ज्याला मनच नाही अशा रेखाकृतीत तो कोठून यावा?

जपानी परंपरेचे उत्तर अभावातून घडले. ओसामू तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’पासून (१९६३) दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या खर्चात थोड्या चित्रांवर भागवणे भाग पडले आणि स्थिर चौकट अंगवळणी पडली. पुढे चित्रपटांना साधने मिळाली, पण स्तब्धतेचे मोल विसरले गेले नाही. हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर तोतोरो’मध्ये (१९८८) पावसात, बसथांब्यावर, झोपलेल्या बहिणीला पाठीवर घेऊन एक मुलगी वडिलांची वाट पाहते. तिचा चेहरा फारसे बोलत नाही. बोलतात ते दिव्याचा उजेड, छत्रीवर पडणारे थेंब, लांबत जाणारा वेळ. अनुभावाचे काम येथे उद्दीपन विभाव करतो. भरताच्या चौकटीला हा धक्का आहे, आणि तो स्वागतार्ह आहे.

या परंपरेची भारताशी थेट गाठ पडली ती ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२) या चित्रपटात. युगो साको यांच्यासह कोइची सासाकी व राम मोहन यांनी तो दिग्दर्शित केला. विषय नाजूक मानून भारत सरकारने सहनिर्मितीस नकार दिला, आणि काम जपानमध्ये झाले. धोतर कसे नेसावे, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा घ्यावा, हे भारतीय चित्रकारांनी तेथील सहकाऱ्यांना समजावले. आंगिक-आहार्याची ही देवघेव अभ्यासण्याजोगी आहे. मराठीत तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट भारतात हिंदी, तमिळ, तेलुगू व इंग्रजीत चित्रपटगृहांत आला. ज्या गोदावरीकाठी पंचवटी आहे आणि नांदेडही, त्या काठची भाषा या यादीत नव्हती.