कोरेगावचा स्तंभ : दगड कोणाचा, नावे कोणाची?

१ जानेवारी जवळ आला की कोणीतरी मला हटकतोच, "इंग्रजांच्या विजयाला तुम्ही मानवंदना कसली देता?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. म्हणून जे कबूल करायला हवे ते आधी कबूल करतो.

हा स्तंभ आमच्या पूर्वजांनी उभारलेला नाही. १८२१ साली कंपनी सरकारने स्वतःच्या गौरवासाठी त्याचा पाया घातला. तो कोरेगावातही नाही. भीमेच्या पुण्याकडील बाजूला, पेरण्याच्या हद्दीत आहे. लढाई झाली ती नदीपलीकडे, गावात. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टन सुमारे आठशे माणसे आणि दोन तोफा घेऊन शिरूरहून पुण्याकडे निघाला होता. समोर दुसऱ्या बाजीरावाची सुमारे अठ्ठावीस हजारांची फौज. गावावर प्रत्यक्ष चालून आले ते त्यांतले दोनेक हजार. अरब, गोसावी, मराठे. (आपले वक्ते हा आकडा सोयीने गाळतात, हेही सांगितले पाहिजे.) कंपनीकडील पावणेतीनशे माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. पेशव्याची फौज हटली, पण स्टॉन्टनही पुण्याला न जाता शिरूरलाच परतला.

मग आमचे त्या दगडात काय आहे? नावे आहेत. ठार झालेल्या एकोणपन्नास जणांची नावे कोरलेली आहेत, त्यांतली बावीस 'नाक'ने संपतात. ही महारांची नावे. गावगाड्यात शिवेचा तंटा उठला की साक्षीला महार लागे. कोणता दगड कोठला हे तोच सांगे. पण दगडावर त्याचे नाव घालण्याची कल्पना कोणाच्या मनात आली नव्हती. कंपनीनेही ती प्रेमाने घातली नाहीत. पलटणीच्या यादीत होती म्हणून आली. त्या शिपायांच्या मनात पेशवाईतल्या विटाळाचा संताप होता की पगाराची निकड, हे शिलालेख सांगत नाही. मी त्यांच्या तोंडी आजची भाषा घालणार नाही.

अर्थ घातला तो पुढच्या पिढ्यांनी. १८९० नंतर त्याच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. ज्यांनी नावे कोरली त्यांनाच ती दाखवून जाब विचारण्याचा तो प्रकार होता. कांबळ्यांनी स्तंभापाशी सभा भरवल्या. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले. पुढल्याच मार्चमध्ये महाडचे तळे आहे, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. नंतर त्याच्या जागी कट्यार आली.

२०१८ साली दोनशे वर्षे झाली. त्या दिवशी दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. पुढल्या वर्षी माणसे पुन्हा आली.

बाकीची सत्तावीस नावे मराठे, राजपूत, मुसलमान अशांची आहेत. त्यांच्या वंशजांपैकी कोणी तेथे आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गेल्या खेपेस आमच्याबरोबरच्या एका विद्यार्थिनीने वही काढली. मला वाटले, बावीस नावे उतरवील. तिने एकोणपन्नासही उतरवली.